खानापूरला सॅटेलाइट रेडिओ की इंटरनेट रेडिओ? सरांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

सर, नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही रिटायर होऊन बेळगावजवळच्या खानापूरच्या पुढं जांबोटी बाजूला गावच्या घरी राहायला गेलाय, पहाटेपासून रेडिओ लागतो, आणि तिथं फोनची रेंज घरात कधी येते कधी जाते. मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्या नव्या गाडीत सॅटेलाइट रेडिओ आलाय, डोंगरात जंगलात कुठं तुटत नाही, म्हणून तो म्हणायलाय की दिवाळीला येताना तसलाच एक सेट घेऊन येतो, वर्षाचे पैसे पण मीच भरतो, तुम्ही नुसतं बटण दाबायचं. आणि त्याचं स्वतःचं पण ठरत नाही, गाडीबरोबर मिळालेले फुकटचे महिने संपत आलेत, पुढं पैसे भरायचे की फोनवरून इंटरनेट रेडिओच ऐकायचा.

मी बेळगावात रेडिओ दुरुस्ती, डिश आणि आता नेट जोडणी असं मिळून २५ वर्षांच्या वर याच कामात आहे, म्हणून जरा लांबवर लिहितोय, वेळ काढून वाचा.

पहिलं सांगतो, मुलाला आत्ताच फोन करून तो सेट आणू नको म्हणून सांगा. तो सेट इथं वाजणारच नाही. पैसे भरा नाहीतर भरू नका, इथं त्याच्या स्क्रीनवर सिग्नल नाही एवढंच येईल. त्याच्या गाडीत जी सेवा आहे ती सिरियस एक्सएम, मूळच्या दोन कंपन्या, एक्सएम २००१ साली सुरू झाली आणि सिरियस २००२ साली, दोघी २००८ मध्ये एक झाल्या. त्यांचे उपग्रह उत्तर अमेरिकेकडं तोंड करून आहेत. उपग्रह म्हटल्यावर सगळ्या जगाला दिसतो असं लोकांना वाटतं पण तसं नसतं, त्याची बीम बॅटरीच्या झोतासारखी एका भागावरच पडते, झोताच्या बाहेर उभा राहिलेल्या माणसाला काय उजेड मिळणार. शिवाय तिकडं मोठ्या शहरांत उंच इमारतींच्या आड सिग्नल तुटू नये म्हणून त्यांनी जमिनीवर रिपीटर, म्हणजे तोच सिग्नल पुन्हा सोडणारे टॉवर, उभे केलेत, म्हणजे तुमच्या मुलाला वाटतंय सगळं आकाशातूनच यायलंय, पण शहरात बऱ्याचदा ते जवळच्या रिपीटरवरून येत असतं. आपल्याकडं ना तो उपग्रह ना ते रिपीटर.

आता तुम्ही म्हणाल मग भारतात असं काही नाही का. होतं. आणि मी स्वतः बेळगावात ते सेट बसवलेत. वर्ल्डस्पेस म्हणून होतं, १९९० साली नोआ समारा नावाच्या माणसानं कंपनी काढली, आफ्रिकेसाठी आफ्रीस्टार हा उपग्रह १९९८ मध्ये सोडला आणि आपल्यासाठी एशियास्टार २००० मध्ये. ए. आर. रहमान त्याची जाहिरात करायचे, त्याची धून पण त्यांनीच केलेली. मराठीला रेडिओ सुरभी, कन्नडला स्पर्श, शास्त्रीय संगीताला गंधर्व, असे वेगवेगळे चॅनल, मध्ये जाहिरातींचा त्रास नाही. आपल्या भागात गाण्याचा कान असलेली माणसं किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे, कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, तर घरोघरी तंबोरा असलेल्या लोकांनी तो गंधर्व चॅनल अगदी जिवाभावानं ऐकला.

बसवायचं काम कसं असायचं ते सांगतो, कारण त्यातून सॅटेलाइट रेडिओची सगळी जातकुळी कळते. वहीच्या पानाएवढी चपटी पाटी म्हणजे अँटेना. बेळगावातून उपग्रह पूर्वेला, जरासा दक्षिणेकडं झुकून, आणि वर साधारण ५० अंशांवर. म्हणजे पूर्वेची खिडकी किंवा गच्ची पाहिजे आणि मध्ये काही नको. एकदा टिळकवाडीत एका घरी सगळं बरोबर लावलं, सेटवर सिग्नलची पट्टी पूर्ण भरली, आजोबांनी लगेच चहा सांगितला, आणि वारा सुटला की पट्टी अर्धी व्हायची, आवाज जायचा. अर्धा तास मी वायर, कनेक्टर, सेट सगळं तपासलं. शेवटी लक्षात आलं, शेजारच्या परसातल्या आंब्याची एक फांदी वाऱ्यानं बरोबर मध्ये यायची. पाटी हातात धरून गच्चीवर चार पावलं उजवीकडं सरकलो की पट्टी भरलेली, पुन्हा चार पावलं मागं आलो की गेली. तिथंच गच्चीच्या कठड्याला पाटी बांधली आणि पुढं कधी तक्रार नाही, पावसात पण नाही. कारण ती सेवा दीड गिगाहर्ट्झच्या आसपास चालायची, त्या लहरींना पाऊस अडवत नाही, पण झाड, पत्रा, भिंत अडवते. डिश टीव्हीचं नेमकं उलट, तिथं अकरा बारा गिगाहर्ट्झ, आपल्या कणकुंबी बाजूला आभाळ फुटल्यासारखा पाऊस लागला की चित्र गोठलंच म्हणून समजा.

ही कंपनी २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत दिवाळखोरीत गेली आणि भारतातली सेवा ३१ डिसेंबर २००९ ला बंद झाली. दुसऱ्या दिवसापासून तो सेट म्हणजे नुसता डबा. टीव्हीचं कसं असतं, एक कंपनी नको झाली तर दुसरीचा बॉक्स जोडता येतो, साध्या रेडिओवर एक स्टेशन बंद झालं तर काटा फिरवून दुसरं लागतं. तिथं उपग्रह एकाचा, सेट त्याचाच, सिग्नलला कुलूप त्याचंच, आणि त्या लहरींवर दुसरं कोणी बोलतच नव्हतं. त्यानंतर आपल्याकडं पैसे भरून घ्यायचा सॅटेलाइट रेडिओ पुन्हा आला नाही. म्हणून मी कुठल्याही ऐकण्याच्या साधनाकडं आधी याच नजरेनं बघतो की ही सेवा उद्या बंद पडली तर हातातल्या वस्तूवर दुसरं काय वाजेल. इंटरनेट रेडिओ त्यात कुठल्या कुठं पुढं आहे, फोनवर एक अॅप बंद झालं तर दुसरं टाकता येतं, वस्तू वाया जात नाही.

मुलाचं आता. त्यानं काय करावं हे त्याच्या रस्त्यावर आहे. तो रोज शहरातून ऑफिसला जात असेल, सगळीकडं फोनचं नेटवर्क चांगलं असेल आणि त्याला ऐकायचं आपलं मराठी, हिंदी असेल तर पैसे भरण्यात अर्थ नाही. त्या सॅटेलाइटवर तिकडचे खेळ, बातम्या, गप्पा, गाणी हे भरपूर आहे पण सांगली आकाशवाणी त्यावर येणार नाही, ती येणार इंटरनेटवरच. पण तो महिन्यातून चार वेळा मोकळ्या प्रदेशातून पाचपाचशे किलोमीटर गाडी चालवत असेल, मैलोन्‌मैल टॉवर नाही असा रस्ता असेल, किंवा तिकडच्या मॅचची कॉमेंट्री त्याला पाहिजेच असेल, तर ते पैसे वाया नाहीत. उपग्रहावरून एकदा सोडलं की एकानं ऐकलं काय आणि तीन कोटींनी ऐकलं काय, सिग्नलवर ताण येत नाही. पाटाचं पाणी वाहतंय, ज्याच्या शेताला लागलं त्यानं घेतलं असा तो प्रकार. इंटरनेट रेडिओत सर्व्हर प्रत्येकाला वेगळी घागर भरून देतो, आणि ती घागर तुमच्यापर्यंत येताना टॉवर, केबल, राउटर अशा दहा हातांतून येते, त्यातला एक हात सुटला की आवाज गेला.

त्याला दोन गोष्टी मात्र नक्की सांगा. जाहिरातीतला महिन्याचा दर आणि बिलातला दर एक नसतो, वर म्युझिक रॉयल्टी फी आणि टॅक्स लागतो, आणि सुरुवातीचा स्वस्त दर संपला की कार्डावरून पूर्ण दरानं आपोआप पैसे जात राहतात. मुदत संपायच्या आधी फोन करून बंद करतो म्हटलं की बहुतेक वेळा ते कमी दर सांगतात, तिकडं सगळेच तसं करतात. दुसरं म्हणजे आवाज. एवढे सगळे चॅनल एका मर्यादित जागेत बसवायचे म्हणून उपग्रहावरचा आवाज बराच दाबलेला असतो, त्यांच्याच अॅपवर तोच चॅनल जास्त मोकळा वाजतो. बातम्यांना फरक पडत नाही, गाण्याला कळतो, सतारीची तार तर लगेच सांगते.

आता तुमचं घर. माझा सल्ला तीन गोष्टी एकत्र वापरायचा आहे, कारण तुमच्या बाजूला एकाच गोष्टीवर भरवसा ठेवला की ऐन वेळी ती दगा देणार, आणि तिन्ही मिळून त्या अमेरिकेच्या सेटपेक्षा स्वस्तात होतील.

इंटरनेट रेडिओ घ्याच, पण डेटा किती खातो याची भीती काढून टाका. आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर म्हणून अॅप आहे, फुकट आहे, त्यात देशभरातली दोनशेच्या वर स्टेशनं आहेत, सांगली, कोल्हापूर, धारवाड, विविध भारती, आणि रागम हा २४ तास शास्त्रीय संगीताचा चॅनल, तो २०१६ च्या २६ जानेवारीला सुरू झाला आणि तुमच्यासारख्यांनी तो ऐकायलाच पाहिजे. ६४ केबीपीएसचा (केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो त्याचं माप) रेडिओ तासाला २९ एमबीच्या आसपास खातो, १२८ चा असला तर ५८. रोज पाच तास ऐकलात तरी ६४ नं दीडशे एमबी सुद्धा होत नाहीत, महिन्याला साडेचार जीबीच्या आत. रोज एक दीड जीबीचा पॅक असतो तो यानं कधीच संपणार नाही, नातवंडं सुट्टीला आल्यावर व्हिडिओ बघून संपवतात तो वेगळा हिशोब. म्हणजे तुमचा प्रॉब्लेम डेटा नाही, तुमचा प्रॉब्लेम सलग न येणं आहे.

सलग येण्यासाठी काय करायचं, तर आधी घरात रेंज कुठं येते ते शोधा. कौलारू जाड भिंतींचं घर असतंय आपलं, जांभ्या दगडाची भिंत तर सिग्नल चांगलाच खाते. माडीवर, खिडकीत, पडवीच्या टोकाला कुठंतरी दोन कांड्या जास्त मिळतात. तिथं एक जुना स्मार्टफोन सिम घालून कायमचा ठेवा, त्याचा हॉटस्पॉट चालू करा, आणि हातातल्या फोनवर किंवा ब्लूटूथ स्पीकरवर खाली स्वयंपाकघरात ऐका. फक्त तो फोन रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते, मी असे फुगलेले फोन आठवड्याला एक तरी बघतो, साध्या टायमरच्या प्लगवर दिवसातून दोन तास चार्जिंग पुरे. गावात फायबर आलं असेल तर मग सोनंच, पण लाईट गेली की राउटर बंद आणि तुमच्याकडं पावसाळ्यात लाईट जाते ती दोन दोन दिवस, म्हणून राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्या, एकटा राउटर त्यावर काही तास निघतो. तुम्ही व्हीएलसी हे गाणी-रेडिओ वाजवायचं अॅप किंवा तसलं वापरत असाल तर सेटिंगमध्ये नेटवर्क कॅशिंग म्हणून असतं, मिलिसेकंदात असतं, ते १०००० करा म्हणजे दहा सेकंदांचा साठा पुढं ठेवून वाजतं, बारीकसारीक तुटणं कानाला कळत नाही. आणि एक, इंटरनेटवरच्या रेडिओवर घड्याळ लावू नका, तो खऱ्या वेळेच्या अर्धा अर्धा मिनिट मागं असतो.

दुसरी गोष्ट, आणि ही लोकांना माहीतच नसते. तुम्हाला सॅटेलाइट रेडिओ पाहिजे ना, तो आपल्याकडं आहे, फुकट आहे. दूरदर्शनची डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झालेली तीच. त्यावर टीव्हीबरोबर आकाशवाणीचे चाळीसच्या वर रेडिओ चॅनल आहेत, विविध भारती, मराठी, कन्नड सगळं, महिन्याला एक रुपया नाही, रेंज नाही, सिम नाही. रिमोटवर टीव्ही-रेडिओ असं बटण असतं ते दाबलं की रेडिओची यादी येते. लोक टीव्ही चालू ठेवून रेडिओ ऐकतात आणि मग म्हणतात लाईट बिल येतंय. तसं करायचं नाही. बॉक्सच्या मागं लाल आणि पांढरी अशी दोन भोकं असतात ना, तिथून वायर काढून तुमच्या जुन्या डेकला नाहीतर अॅम्प्लिफायरला जोडायची, टीव्हीवर चॅनल निवडायचा आणि टीव्ही बंद करायचा, बॉक्स आपला एकटा वाजत राहतो. मी नंदगडला एका घरी असं लावून दिलंय, त्या काकू पहाटे उठून अंधारातच बॉक्सचं बटण दाबतात, आदल्या रात्रीचाच चॅनल लागलेला असतो, टीव्हीला हात पण लावत नाहीत.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट १५, ९३.५ अंश पूर्वेला. तुमच्याकडून तो आग्नेयेला, वर ६० अंशांच्या आसपास, म्हणजे चांगला उंच आहे, डोंगर आड येत नाही. झाड तेवढं बघायला पाहिजे. डिशचं तोंड दिसायला त्याच्या खाली, जणू समोरच्या घरावर असल्यासारखं वाटतं, पण ती ताटली मुद्दाम तशी वाकडी बनवलेली असते, बघते ती वरच, म्हणून कोणी नवखा येऊन सरळ करतो म्हणाला तर हात लावू देऊ नका. मोठ्या पावसात ती अधूनमधून जाणार हे धरून चाला. तुमच्याकडं जुलैत जो पाऊस असतो त्यात ६० सेंटीमीटरच्या ऐवजी ९० ची डिश लावली तर जायचं प्रमाण पुष्कळ कमी होतं, दुकानात मागितली तर मिळते, नुसतं स्टँड आणि बोल्ट दणकट घ्या, घाटाच्या वाऱ्यात मोठी डिश पालासारखी फुगते.

तिसरी गोष्ट साधा ट्रान्झिस्टर, मीडियम वेव्हचा, दोन सेलवर चालणारा. हा मी सोडायला तयार नाही आणि तुम्हीही सोडू नका. लाईट नाही, टॉवर बंद, डिश पावसानं बंद, अशा रात्री आमच्या धंद्यातली सगळी यंत्रं गप्प असतात तेव्हा हा बोलतो. सांगली १२५१ किलोहर्ट्झ, धारवाड ७६५, पणजी १२८७. धारवाड तर २०० किलोवॅटचं स्टेशन, ते कुठंही लागतं. सांगली तुमच्याकडं दिवसा बारीक येईल, तर सेट हळूहळू गोल फिरवून बघा. आत फेराइटची काळी कांडी असते, ती स्टेशनकडं आडवी आली की आवाज भरतो आणि तिचं टोक स्टेशनकडं झालं की जातो. गेल्या मे महिन्यात एक जण सेट घेऊन आला, म्हणाला नुसती खरखर आहे, आत काहीतरी जळालंय. दुकानात लावला तर खरखर, बाहेर रस्त्यावर नेला तर स्वच्छ. सेटमध्ये काही नव्हतं, माझ्या टेबलावरच्या एलईडी बल्बचा तो आवाज होता, आणि त्याच्या घरी इन्व्हर्टरचा. रेडिओ बल्बपासून, चार्जरपासून, राउटरपासून चार हात लांब ठेवा, जमलं तर खिडकीत.

आणि यात एक महत्त्वाचं. मुलगा म्हणेल सॅटेलाइटचा नको तर साधा चांगला रेडिओ तरी आणतो तिकडून. आणू दे, पण विकत घेताना एक बघायला सांगा. अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात, आपल्याकडं ९ च्या. तिकडचा डिजिटल सेट ७६० वरून उडी मारून ७७० वर जातो, धारवाड ७६५ मध्येच राहतं, दोन्हीकडं फाटल्यासारखं ऐकू येतं. एफएमचं पण तसंच, तिकडचे बरेच सेट ९०.३ वरून ९०.५ वर जातात, आणि आपलं बेळगावचं केएलई वेणुध्वनी आहे ९०.४ ला. काही सेटना मागं किंवा मेनूत ९ आणि १० बदलायची सोय असते, तसलाच घ्यायला सांगा, आणि अॅडॅप्टर ११० व्होल्टचा नको, १०० ते २४० लिहिलेला पाहिजे. काटा फिरवायचा जुन्या पद्धतीचा असेल तर मात्र हा अंतराचा प्रश्न येत नाही, अॅडॅप्टर तेवढा बघायचा.

पैशाचं बोलायचं तर मी ठाम सांगतो, महिन्याला भरायचं असं काहीही तुमच्या रेडिओसाठी घेऊ नका, फोनचा पॅक आहे तो बस झाला. मुलाला खर्च करायचाच असेल तर चांगला स्पीकर आणू दे. लहान प्लॅस्टिकच्या ब्लूटूथ डब्यातून बुवांचा खर्ज येत नाही, लाकडी पेटीचा स्पीकर आला की रागम लावून बघा, तुम्हालाच फरक कळेल.

आता तुमच्याकडून मला दोन गोष्टी कळवा. सकाळी सहा आणि रात्री नऊ अशा दोन वेळी घराच्या चारी बाजूंना फोन धरून रेंज बघा आणि कुठं किती आली ते लिहा. आणि अंगणात उभं राहून सकाळी नऊच्या सुमाराला सूर्य असतो त्याच्या बराच वर आणि जरा उजवीकडं, आग्नेयेला, तुमचा तो फणस येतो का ते सांगा. येत असेल तर डिश पडवीवर नको, गोठ्याच्या बाजूला लावू, मी शनिवारी चोर्ल्याकडं एका कामाला जाणारच आहे, येताना वायर घेऊन थांबतो.